तोर्गुनने रेघ वाकवली

तोर्गुनच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा आहे. तो पहारीचा. बेचाळीस हिवाळे ती पहार घेऊन पठारावर जाते, घट्ट बर्फात भोक पाडते, भोकात भूर्जाची फांदी उभी करते, टाचेने भोवतीचा बर्फ दाबते आणि पुढे सरकते. फांदी खांद्याइतकी उंच, शेंड्याला बारीक डहाळ्यांचा झुबका. पूर्वेच्या निवाऱ्यापासून पश्चिमेच्या निवाऱ्यापर्यंत अशा एकोणीसशे फांद्या लागतात. त्या ऑक्टोबरात तोडायच्या, पानं गळाल्यावर, घरामागच्या उतारावर. पन्नास-पन्नासच्या मोळ्या बांधायच्या. फेब्रुवारीत त्या स्नोमोबिलवरून, म्हणजे बर्फावरच्या मोटरगाडीवरून, वर जातात, आणि तिच्यामागून तोर्गुन.

तिला सोबत लागत नाही. कमरेला एक दोरी बांधून ती स्कीवरून पुढे जाते. दोरी मागून घासत येते, टोकाला लाल लोकरीची गाठ. गाठ मागच्या फांदीपाशी आली की थांबायचं. मागे वळून बघायचं. मागच्या दोन फांद्या एकीमागे एक लपल्या तर रेघ सरळ आहे. नाही लपल्या तर पाऊलभर सरकायचं आणि पुन्हा बघायचं. बेचाळीस वर्षांत तिने पुढे जितकं पाहिलं असेल त्याहून जास्त मागे पाहिलं आहे. गावात ती खाली मान घालून चालते, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने खाली मान घालूनच बटाटे सोलले. पण पठारावर तिची मान वळते ती घुबडासारखी, असं तिचा नवरा हाल्वोर म्हणायचा. हाल्वोर जाऊन नऊ वर्षं झाली.

ही रेघ मुळात तिची नव्हतीच, तिच्या बापाची होती. आइलिवने ती आखली तेव्हा पठारावर निवारेही नव्हते, नुसते कोल्हे आणि धुकं. बाकीच्या वाटेवर तो डोंगराच्या कलाने गेला. पण मध्ये ग्रोवात्न तळं आहे, चार किलोमीटर लांब, आणि तिथे त्याने कुणाच्याच कलाने जायचं नाकारलं. पूर्वेच्या काठावर घोड्याएवढा एक दगड आहे. त्या दगडाला पाठ लावून त्याने समोरच्या कड्यातली खाच धरली आणि गोठलेल्या तळ्यावरून चारशे फांद्या अशा लावल्या, की टेकडीवरून बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी पट्टी ठेवून पेन्सिल ओढली आहे. लोक तिला आइलिवची रेघ म्हणतात. डोळ्यांत बोट गेलं तरी दिसणार नाही अशा धुक्यात तिने माणसं घरी आणली आहेत. स्कीच्या टोकापलीकडे जग नसतं तेव्हा एक फांदी दिसते, मग दुसरी, एवढं पुरतं.

तोर्गुन एकोणीस वर्षांची असताना आइलिवचं कंबरडं मोडलं आणि पहार तिच्या हातात आली. मुलगी सरळ रेघ कशी ओढणार, असं वाट-समितीतल्या बऱ्याच जणांना वाटलं. आस्लाकने ते बोलून दाखवलं. तो तेव्हा चोवीस वर्षांचा, शेजारच्या घरचा, खोऱ्यातला सगळ्यात वेगवान स्कीवाला. तो टेकडीवर चढला, एक डोळा मिटला आणि खाली येऊन म्हणाला, "दगडापासून दोनशे बारावी. हातभर उत्तरेला आहे."

तोर्गुन तशीच परत गेली. दोनशे बारावी फांदी खरंच हातभर उत्तरेला होती. तिने ती उपटली आणि जागेवर लावली. त्या दिवसापासून तिने आस्लाकला कधी माफ केलं नाही, आणि त्या दिवसापासून तिचा त्याच्या डोळ्यावर विश्वास बसला.

आता आस्लाक सहासष्ट वर्षांचा आहे आणि समितीचा अध्यक्ष आहे. स्कीच्या तळाला लावायच्या मेणाच्या अकरा डब्या तो खिशात बाळगतो, हवेचं तापमान एका यंत्राने मोजतो आणि बर्फाचं दुसऱ्या. ईस्टरच्या रविवारी पूर्वेच्या निवाऱ्यातून साठ-सत्तर माणसं तळं ओलांडून पलीकडे बर्फाच्या वेदीपुढे प्रार्थनेला जातात. सगळ्यांत पुढे आस्लाक असतो. गेली कित्येक वर्षं असंच आहे.

यंदाच्या मार्चमध्ये, तळ्यावरच्या फांद्या लावून झाल्यावर, तोर्गुन त्या घट्ट बसल्यात का ते बघायला परत फिरली. दगडापासून सहाशे पावलांवर तिने सहज पहार मारली. तळ्यावरच्या बर्फाचा एक आवाज असतो. वरचा भुसभुशीत थर संपला की पहार खालच्या काचेवर आपटते आणि ठक् म्हणते. ह्या वेळी ती चप्प म्हणाली.

तोर्गुन थांबली. थरावर थोडं पाणी येतं, दरवर्षी येतं. पण हे पाणी फिकट नव्हतं, करडं होतं. दुसऱ्या दिवशी ती मासेमारीचं गिरमिट घेऊन आली. दगडाजवळ बर्फाची जाडी कोपरापर्यंतच्या हाताएवढी. तीनशे पावलांवर तेवढीच. पाचशेवर एक वीत. सहाशे पावलांवर गिरमिट चार फेऱ्यांत खाली घसरलं आणि पाणी वर आलं. तिने बाही सारून भोकात हात घातला आणि कडेला बोटं लावून मोजलं. चार बोटं. मग ती पालथी झोपली आणि भोकाला कान लावला.

हिवाळ्यात तळ्याचं पाणी हलत नाही. हे हलत होतं. गेल्या उन्हाळ्यात वीजवाल्यांनी शेजारच्या खोऱ्यातून पाण्याचा एक बोगदा ह्या तळ्यात आणला होता. तो नेमका कुठे उघडतो हे तिला माहीत नव्हतं. आता कानाने कळलं. खाली कुणीतरी न थांबता कुजबुजत होतं आणि बर्फाचा तळ कुरतडत होतं.

त्याच संध्याकाळी समिती गुरोच्या स्वयंपाकघरात बसली. गुरो म्हणजे पूर्वेच्या निवाऱ्याची रखवालीण, पंचेचाळिशीची, जाड वेण्यांची, एका हाताने वॅफल भाजत दुसऱ्या हाताने टेलिफोन घेणारी.

"चार बोटं," तोर्गुन म्हणाली.

"कुणाची बोटं?" आस्लाकने विचारलं. "तुझी का माझी? तुझ्या एका बोटात माझी दोन मावतील."

बाकीचे हसले. तोर्गुन हसली नाही.

"वीजवाल्यांना फोन केलास?"

"केला. म्हणाले, पेपरात सूचना दिली आहे. सगळ्या तळ्यांवरचा बर्फ कच्चा समजावा, आपल्या जबाबदारीवर जावं."

"ती सूचना दरवर्षी असते."

"म्हणून तर कुणी वाचत नाही."

आस्लाकने कॉफीचा पेला फिरवला. "मग काय करायचं म्हणतेस?"

"तळ्यावरच्या फांद्या काढते. उत्तरेच्या काठाने नेते, कावळ्याच्या नाकाला वळसा घालून. दीड किलोमीटर वाढेल."

वॅफलचा साचा चरचरत होता. मग आस्लाक हळू आवाजात म्हणाला, आणि ह्या वेळी त्यात थट्टा नव्हती, "बापाची रेघ वाकवतेस, तोर्गुन?"

"बाप चर्चच्या मागे झोपलाय. जा, विचारून ये."

"तो असता तर वाकवली नसती."

"तो असता तर त्याने कान लावला असता."

समितीचा एक जुना नियम आहे, फांद्या कुठे लावायच्या हे फांद्या लावणारा ठरवतो. आस्लाक नियमाचा माणूस. तो उठला, टोपी घातली. "लाव तुला हवं तिकडे. तुझा हक्क आहे. पण मी सरळ जाणार. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून सरळ जातोय."

"तेव्हा बोगदा नव्हता."

"आणि मला अक्कल नव्हती, हेही म्हण."

"ते मी म्हणायची गरज नाही."

फांद्या गोठून बसल्या होत्या. त्या उपटून निघेनात. तोर्गुनने कुऱ्हाडीने एकेक मोकळी केली. चारशे फांद्यांना दोन दिवस लागले. काम करताना तिला राहून राहून वाटत होतं, आपण एखादं लिहिलेलं वाक्य खोडतो आहोत, ज्यात एकही चूक नव्हती, आणि ज्याखालचा कागदच तेवढा सडला आहे. मग दोन दिवस ती नव्या वळणावर होती. वळणावर दोरी आणि लाल गाठ चालते, पण मागे बघून काही कळत नाही. तिथे फांद्या एकीमागे एक लपतच नाहीत. प्रत्येक फांदी थोडी बाजूला उभी राहते, आणि ते थोडं किती हे मनाने ठरवावं लागतं. बाकीच्या वाटेवरची वळणं बापाने ठरवलेली होती; बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या हाताचा अंदाज घ्यावा लागला. पण हात बरोबर निघाला. संध्याकाळी तिने काठावरून पाहिलं, फांद्या उत्तरेच्या काठाने वळत गेल्या होत्या, विळ्याच्या पात्यासारख्या. जुन्या वाटेच्या तोंडाशी, दगडापाशी, तिने दोन फांद्या फुलीसारख्या आडव्या बांधल्या. फुलीचा अर्थ इथे प्रत्येकाला कळतो, बंद.

मग बर्फ पडला आणि ईस्टरचा आठवडा लागला. शहरातून माणसं आली, पाठीवर पिशव्या, पिशव्यांत संत्री. गुरुवारी तोर्गुन दगडापाशी गेली आणि तिला फुलीच्या बाजूने गेलेली एक चाकोरी दिसली. स्कीच्या दोन समांतर घळी, सरळ तळ्यावरून, खाचेच्या रोखाने. कुणीतरी एकटाच गेला होता, बहुधा पहाटे, गारठ्यात. त्याला फुली दिसली असेल, पण त्याचे पाय सरळ जायला शिकलेले होते. आणि तो सुखरूप पोचला होता. हेच वाईट होतं. चार बोटं बर्फ एका माणसाला पेलतो, स्कीवर वजन पसरतं म्हणून. पण एकाच्या चाकोरीत दुसरा जातो, कारण चाकोरीत स्की आपोआप घसरते आणि नव्या बर्फात दमछाक होते. दुपारपर्यंत चौदा जण गेले. चाकोरी रुळासारखी कठीण झाली.

तोर्गुन शुक्रवारी दिवसभर दगडापाशी उभी राहिली. येणाऱ्याला सांगत होती, तिकडून जा, बर्फ कच्चा आहे. लोक थांबत, हसत, ईस्टरच्या शुभेच्छा देत.

"पण ही तर वापरातली दिसते," एक बाई चाकोरीकडे बोट दाखवून म्हणाली.

"त्यातलं कुणी अजून बुडलेलं नाही, एवढंच," तोर्गुन म्हणाली.

बाई वळणाने गेली. पण तिच्या मागून आलेले दोघे तरुण तोर्गुनला डावीकडून वळसा घालून सरळ निघून गेले. तोर्गुन ते सहाशे पावलं पार करेपर्यंत श्वास धरून उभी होती. ते पलीकडे गेले. तिने श्वास सोडला आणि तिला स्वतःचाच राग आला. साठ वर्षं आपण ह्यांना हेच शिकवलं, बर्फाकडे बघू नका, आमच्या रेघेकडे बघा, आणि त्यांनी ते ऐकलं. आता ती म्हणत होती, रेघेकडे बघू नका. कोण ऐकणार?

डोंगरातल्या मदत-पथकाला फोन केला होता. ते चाळीस किलोमीटरवरच्या खिंडीत गुंतले होते, रविवारी दुपारी येऊन लाल फीत लावतो म्हणाले. रविवारी दुपारी म्हणजे प्रार्थनेनंतर. आणि रविवारी तळ्यावर एकेकटी माणसं नसणार होती, साठ असणार होती, एकामागे एक, आणि सहाशे पावलांच्या आसपास ती थांबणार होती. तिथे आस्लाक नेहमी मागे राहिलेल्यांसाठी थांबतो. एकाच जागी साठ माणसं. तोर्गुनने डोळे मिटले तरी तिला ते दिसत होतं.

संध्याकाळी ती गुरोच्या स्वयंपाकघरात बसली आणि बूट न काढताच म्हणाली, "माणसांना अडवता येत नाही."

"अडवता येतच नाही," गुरो म्हणाली. "मी वीस वर्षं प्रयत्न करतेय. ओले मोजे चुलीवर वाळत घालू नका म्हणून पाटी लावलीय. पाटीवर मोजे वाळत घालतात."

तोर्गुन हसली, आठवड्यात पहिल्यांदा. मग तिची नजर बाहेर गेली. खिडकीबाहेर पायरीवर चार पाहुणे उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात चिकटून बसले होते. पट्टा सरकला की तेही सरकत. एका बाईने अख्खं बाकडं ओढून नेलं. पाच महिने अंधारात काढलेल्या माणसांना उन्हाच्या दिशेने ढकलावं लागत नाही.

"गुरो," तोर्गुन म्हणाली, "तुझ्याकडे फावडी किती?"

"दोन. का?"

"आणि तो लांब दांड्याचा जुना वॅफलचा साचा, विस्तवावरचा?"

"आहे माळ्यावर." गुरोने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नजरेच्या रोखाने पायरीकडे. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अगं बये."

कावळ्याचं नाक म्हणजे उत्तरेच्या काठावरून तळ्यात शिरलेला काळा खडक. त्याचं तोंड दक्षिणेला. उत्तरेचा वारा, जो इथे कानशिलं सोलतो, तो खडकाच्या पाठीवर आपटून निघून जातो. शनिवारी सकाळी आठ वाजता तोर्गुनने तिथे फावडं लावलं. साठ माणसांचं आसन म्हणजे चाळीस पावलं लांब, गुडघ्याएवढं उंच, मागे कंबरेपर्यंत भिंत, पुढे पाय ठेवायला चर. बर्फाचे चौकोनी ठोकळे कापून मागे रचायचे, पाठ टेकली की तोंडावर ऊन येईल अशा तिरपेने. एकसष्ट वर्षांची पाठ दुपारपर्यंत काही बोलली नाही, दुपारनंतर बोलू लागली, तोर्गुनने ऐकलं नाही. दोन वाजता गुरो आली, तिने दुसरं फावडं घेतलं. आसन त्यांनी सरळ नाही केलं. खडकाच्या कलाने वाकत नेलं, म्हणजे प्रत्येकाला समोर ऊन आणि शेजाऱ्याचं तोंड दिसेल. वळणात तोर्गुनचा हात आता बसला होता. पाच वाजता तिने आसनावर टेकून पाहिलं आणि तिला उठावंसं वाटेना.

"झकास झालंय," गुरो म्हणाली. "आता आस्लाक आला नाही तर मी त्याला फावड्याने आणेन."

"आस्लाकला आणायचं नाही," तोर्गुन म्हणाली. "त्याच्या मागच्यांना आणायचं."

रविवार निरभ्र उजाडला. गुरोने निवाऱ्याच्या दारावर पाटी लावली, आज वॅफल आणि कॉफी फक्त कावळ्याच्या नाकावर. पाहुण्यांनी ती वाचली. मोज्यांच्या पाटीसारखं तिचं काही झालं नाही.

तोर्गुन नाकावर आधीच पोचली होती. कुऱ्हाडीने मोडलेल्या फांद्यांचा विस्तव पेटला, भूर्जाच्या सालीने धूर सरळ वर गेला. आसनावर रेनडिअरची कातडी पसरली होती. तिने स्की पायात ठेवल्या होत्या, दोरी कमरेला होती, आणि ती दगडाकडे बघत होती. साडेदहाला रांग निघाली. दोन किलोमीटरवरून ती दोऱ्यावरच्या मण्यांसारखी दिसत होती. पुढचा मणी लाल टोपीचा. दगडापाशी रांग थांबली. तोर्गुनला ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. आस्लाक मागे वळून काहीतरी म्हणाला असणार, चला, दरवर्षीसारखं. मग लाल टोपी फुलीला वळसा घालून सरळ निघाली.

तिच्या मागचा मणी हलला नाही.

मग तो वळला, उत्तरेकडे, फांद्यांच्या बाजूने. त्याच्या मागचा वळला. मग एकदम सात-आठ. रांग वळणावर वाहायला लागली, जशी वाहायला हवी तशी, आणि धुराच्या दिशेने येऊ लागली. तळ्यावर एक लाल ठिपका एकटाच सरळ जात राहिला.

"मूर्ख म्हातारा," गुरो पुटपुटली.

"थांब," तोर्गुन म्हणाली. ती त्याची पावलं मोजत होती. शंभर पावलं. दोनशे. तिने काठीचे पट्टे मनगटात अडकवले. तीनशे पावलांवर ती निघणार होती, दोरी घेऊन. तीनशे पावलांवर ठिपका थांबला. त्याने मागे वळून पाहिलं. चाळीस वर्षं त्याने मागे पाहिलं की तिथे माणसं असत.

बराच वेळ तो उभा होता. नाकावर विस्तव तडतडत होता. मग ठिपका वळला. दगडाकडे परत नाही, ते त्याच्या जिवावर आलं असतं. तो तिरपा, जाड बर्फावरून, नाकाच्या दिशेने निघाला.

तो पोचला तेव्हा आसन भरलं होतं, संत्र्यांच्या साली बर्फावर पडल्या होत्या. त्याचा चेहरा टोपीहून लाल होता. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. एक स्की काढून उलटी धरली, तळाकडे नापसंतीने पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "मेण चुकलं. ह्या उन्हात निळं मेण चालतच नाही. घसरतच नव्हतं तळ्यावर."

त्याचं मेण आयुष्यात कधी चुकलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुरोने तोंड उघडलं. तोर्गुनने तिच्याकडे पाहिलं आणि गुरोने तोंडात वॅफल घातलं.

"आज निळं काय कामाचं," तोर्गुन म्हणाली. "बस. कॉफी घे."

तो टोकाला बसला, खाली कातडं न घेता. कॉफी प्यायला. पाद्रीणबाई पश्चिमेकडून स्नोमोबिलवर आली, तिने सगळ्यांना इथे बघितलं आणि वेदी इथेच करू म्हणाली. कापलेले ठोकळे उरले होतेच. प्रार्थना झाली, गाणं झालं, डोळे मिटून ऊन खाणंही झालं.

एक वाजून गेला होता. संत्रं सोलणाऱ्या एका बाईचा हात थांबला. "ते काय आहे?" ती म्हणाली.

तळ्यावर, सरळ गेलेल्या चाकोरीवर, एक ठिकाण करडं झालं होतं. सगळे बघत राहिले. करडेपणा चाकोरीच्या दोन घळींतून दोन्ही बाजूंना सरकत होता, ओल्या कागदावर शाई सरकते तसा. थोड्या वेळाने मध्यभागी तो काळा झाला. काहीच आवाज आला नाही. बर्फाचा एक मोठा तुकडा एका बाजूने कलला, जणू कुणी झोपेत कूस बदलली, आणि नाहीसा झाला. काळ्या पाण्यात आभाळ दिसायला लागलं. दगडापासून सहाशे पावलांवर.

एका माणसाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. पाद्रीणबाई उभी राहिली, मग बसली. सगळ्यांनी एकदा तोर्गुनकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. ते तिला मार्चपासूनच माहीत होतं, तिने कान लावला होता.

पुष्कळ वेळाने आस्लाक उठला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"चार बोटं म्हणाली होतीस."

"हो."

"मी विचारलं होतं, कुणाची."

"माझी," तोर्गुन म्हणाली.

आस्लाकने मान हलवली. त्याने पाण्याकडे पाठ केली आणि पश्चिमेकडे, नाकापलीकडे वळत गेलेल्या फांद्यांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग एक डोळा मिटला. तोच डोळा, तोर्गुनच्या एकोणिसाव्या वर्षीचा.

"दगडापासून दोनशे बारावी," तो म्हणाला. "वळण तिथे जरा चपटं झालंय. हातभर बाहेर हवी."

तोर्गुनने पाहिलं. बरोबर होतं. आसनाला टेकवून ठेवलेली पहार तिने उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"मग जा की. हातभर बाहेर घे. आणि टाचेने नीट दाब."

आस्लाकने पहार तोलून पाहिली, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. स्की चढवली. फांद्यांच्या कडेकडेने, वळणातून वळत, तो निघाला, निळ्या मेणावर, आणि ते अगदी छान घसरत होतं.